नाखवा जिवंत आहे, म्हणे!

गेल्या वर्षभरात सतरा अनोळखी माणसं माझ्या घरी येऊन गेली, आणि सगळ्यांना एका जेवणाच्या डब्याबद्दल विचारायचं होतं. मी आगरदांड्याला राहतो. मुंबईहून इथे पोचायला निम्मा दिवस मोडतो. एवढा प्रवास करून माणूस येतो, चहा घेतो, घसा खाकरतो आणि विचारतो, "काका, शेवटच्या सीनमध्ये डब्याची गाठ कुणी मारली?" पहिल्या दोन-चार जणांना मी हसून वाटेला लावलं. पाचव्यावर आवाज चढवला, तर त्यानं ते मोबाइलवर टिपून सगळ्या जगाला दाखवलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'म्हातारा चिडला, म्हणजे काहीतरी लपवतोय.'

लपवत होतो, हे खरंच आहे. संपादकांनी माझ्याकडे 'शूटिंगच्या रंजक आठवणी' मागितल्या होत्या. त्या देतो, पण त्यांच्यासोबत हेही घ्या.

माझा धंदा बाहेरच्या माणसाला सांगायचा तर असा. मुंबईच्या सिनेमावाल्यांना समुद्र हवा असतो, समुद्राच्या अटी नको असतात. या दोघांच्या मधे उभं राहून शिव्या खायला एक माणूस लागतो, तो मी. तीस वर्षं हेच केलं. होड्या जमवायच्या, नट-नट्यांना चढवायचं-उतरवायचं, कुणी बुडत नाही ना ते बघायचं आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांगायच्या. या वेळा आमच्याकडे तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर सहा. शाळेचं तोंड न पाहिलेला खलाशीसुद्धा हे झोपेतून उठवलं तरी सांगतो. एका दिग्दर्शकाला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की साडेअकराच्या आत सीन उरकून घ्या. तो म्हणाला, "जेवून घेऊ या ना, पाणी असंच असू दे." जेवून आला तेव्हा पाणी तीनशे पावलं मागे गेलेलं आणि समोर नुसता चिखल. मग माझ्यावरच ओरडला, "मास्टर, ये क्या किया?" जणू मीच कुठलं तरी बूच उपसलं होतं!

एक हिरो होते. छाती एवढी की लाइफ जॅकेटचे पट्टे पुरेनात, आणि पाण्याला भ्यायचे. मला बाजूला घेऊन कानात म्हणाले, "मास्टरजी, होडी हलली नाही तर चालेल का?" सीन वादळाचा होता. मी ओहोटीला होडी चिखलात रुतवली, दोन्ही अंगांना चार गडी बसवले ती हलवायला आणि दोघांना बादल्या दिल्या पाणी मारायला. पडद्यावर ते वादळ बघून माझ्या बायकोच्याही अंगावर काटा आला. त्या वादळात हिरोचे बूटसुद्धा भिजले नव्हते. असल्या लबाडीचा मला कधी राग आला नाही. ती आमची कारागिरी आहे, आणि पैसे देऊन फसायला आलेल्या माणसाला नीट फसवणं हे आमचं काम आहे.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा.

ज्या चार सिनेमांबद्दल मी आता सांगणार आहे त्यांची नावं लिहीत नाही. कंपनीचे वकील दिवाळी अंकही वाचत असतील. हिरो विजेचा लोळ मुठीत धरतो आणि उडतो, एवढं सांगितलं तरी तुमच्या घरातली मुलं नाव सांगतील. या उडत्या हिरोला प्रत्येक सिनेमात ऐन वेळी पैलतीराला लावणारा एक म्हातारा कोळी आहे, नाखवा. नाखवा म्हणजे होडीचा मालक. उडता येत असताना याला होडी कशाला लागते, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पाण्यावर त्याची शक्ती चालत नाही, असं मला सांगण्यात आलं. बरं बुवा.

नाखव्याचं काम करणारे नट मुंबईचे, नाटकातले, सज्जन माणूस. पण वल्हं हातात दिलं की आमटी ढवळायला निघाल्यासारखे धरायचे. म्हणून जिथे नाखव्याचा चेहरा दिसतो तिथे ते, आणि जिथे पाठ, हात, लांबून वल्हवणारा माणूस दिसतो तिथे आमचा पांडू. पांडू कोळीवाड्यातला, माझा लहानपणापासूनचा दोस्त. होडीही त्याचीच. चार सिनेमे, सात वर्षं. लाटेवर होडी उभी राहते आणि नाखवा एका हाताने तिला वळवतो, तो प्रसिद्ध सीन आठवतो ना? तो हात पांडूचा. सिनेमा लागला की सगळा कोळीवाडा टेम्पोत बसून बघायला जायचा. पाठ दिसली की शिट्ट्या आणि टाळ्या, चेहरा दिसला की सगळे गप्प. शेवटी नावं सरकतात त्यात पांडूचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, पुढच्या भागात नक्की. चारही वेळा तेच उत्तर मिळालं.

शेवटच्या भागात खलनायकाचं स्फोटक भरलेलं पिंप नाखवा स्वतःच्या होडीत घालून खोल समुद्रात नेतो. निघण्याआधी भाकरी खातो, रिकाम्या डब्याचं फडकं झटकतो आणि खांद्यावर टाकतो. मग पडदाभर पांढरा उजेड. दुसऱ्या सकाळी रिकामी होडी किनाऱ्याला येऊन लागते, हिरो गुडघ्यांवर बसतो, नाखवा गेला, सिनेमा संपला, मालिका संपली. लोक रडले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

या रिकाम्या होडीचा सीन आम्ही इथेच, खाडीच्या तोंडाशी घेतला. दिग्दर्शकाची ताकीद होती की होडीत काडीसुद्धा नको. मी सगळं काढलं, बुडाला एक जाळं फक्त पसरून ठेवलं, तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. होडी लोटणार तेवढ्यात पांडूची बायको, चांगुणावहिनी, साडीचा ओचा सावरत पाण्यात शिरल्या. हातात फडक्यात बांधलेला जेवणाचा डबा.

"भावजी, मालक जित्ता असताना त्याची होरी रिकामी पान्यान सोरायची न्हाय," त्या म्हणाल्या. "जेवान आत असला म्हंजे मानूस हाय, आसा दर्याला समजतं."

"वहिनी, खोटं आहे हो सगळं. सिनेमा आहे."

"दर्याला काय ठाव सिनेमा?"

त्यांच्या घरात सासूपासून ही रीत होती, आणि पांडू तिथेच काठावर पाय फाकून उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची होडी मेलेल्या माणसाची म्हणून सोडायची आणि बायकोनं ते बघायचं, हे मलाही बरं वाटेना. मी डबा घेतला, जाळ्याखाली सारला आणि होडी लोटली. अर्ध्या वाटेत वारा फिरला, जाळ्याचं टोक उलटलं. माझं लक्ष होडीच्या दोरीकडे होतं. कॅमेऱ्यामागच्या आठ माणसांपैकी एकाचंही लक्ष नव्हतं. दिग्दर्शक "वा, वा" करत होता. सीन पहिल्याच फटक्यात झाला आणि डबा त्यात राहिला. तीस वर्षांत माझ्या हातून चित्रात राहिलेली ती एकच चूक.

दीड वर्ष कुणाला काही दिसलं नाही. मग कुणा चिकट माणसानं ते चित्र थांबवून, मोठं करून बघितलं. आधी नाखव्यानं डबा रिकामा केला, फडकं खांद्यावर टाकलं. मग दुसऱ्या सकाळी होडीत डबा फडक्यात बांधलेला कसा? गाठ कुणी मारली? अर्थात नाखव्यानं! म्हणजे नाखवा जिवंत आहे! म्हणजे मालिका संपली तरी नाखव्याचा वेगळा सिनेमा येणार!

तिथून जो पूर आला तो अजून ओसरला नाही. डब्यावर तीन-तीन तासांचे व्हिडिओ. गाठ उजव्या हाताची की डाव्या, यावर भांडणं. नाखवा कुठल्या बेटावर असेल याचे नकाशे. त्याला स्फोटातून शक्ती मिळाली असेल का, तो आता पाण्याखाली श्वास घेत असेल का, त्याच्या नव्या पोशाखाचा रंग कुठला असावा! एवढा स्फोट झाला आणि होडीचा रंगसुद्धा उडाला नाही, हे मात्र एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आलेल्या सतरांपैकी एकीनंच, पुण्याच्या एका मुलीनं, शहाण्यासारखा प्रश्न केला. त्या दिवशी वारा कुठला होता, असं तिनं विचारलं. तिला मी जेवायला थांबवून घेतलं, पण उत्तर तिलाही दिलं नाही.

आणि मग त्या दिग्दर्शकानं मुलाखत दिली. मी ती माझ्या मुलीच्या मोबाइलवर ऐकली. "माझ्या चौकटीत एकही वस्तू योगायोगाने येत नाही. त्या डब्यात मी पुढच्या कथेचं बीज ठेवलं होतं. प्रेक्षक कधी ओळखतात, याची मी वाट बघत होतो." बीज! त्यात दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं आणि ते नंतर मी खाल्लं. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही, कारण तोवर मधे पांडू आला होता.

शेवटचा सिनेमा लागला त्याच पावसाळ्यात पांडूला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. अलिबागला दवाखान्यात पंधरा दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, हात परत येऊ शकतो, पण रोज व्यायाम हवा. पांडू भिंतीकडे तोंड करून निजायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यानं दोनदा परत पाठवलं. मी समजावलं, रागावलो, पाया पडलो. तो म्हणायचा, "कला रं, कशासाठी? आता वल्हं मारायचा हाय क मना?"

अशात शेजारच्या कुणीतरी त्याला मोबाइलवर ते सगळं दाखवलं. नाखवा जिवंत आहे, त्याचा वेगळा सिनेमा येतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर पांडू ओटीवर स्टुलावर बसलेला. समोरच्या खांबाला दोरीच्या फासात वल्हं अडकवलेलं आणि डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं त्यावर वळवून तो ते मागे ओढत होता. घाम निथळत होता. मला म्हणाला, "सुभास, चेहरा त्यांचा असूं दे. पन पाठ कोन्ची लावतील? मनाच बोलवाला लागंल."

चांगुणावहिनी मला परसात घेऊन गेल्या. डबा त्यांचाच, त्यामुळे खरं काय ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. "भावजी, डब्याचा त्याला सांगू नका. वरीसभर डाक्टर बोंबलला, तवा हात हालला न्हाय. आता सोता वल्हं मागतंय." मी शब्द दिला. म्हणून सतरा माणसांपुढे मी मूग गिळून बसलो. पाच-सहा महिन्यांत पांडू डाव्या हातानं चहाचा पेला उचलायला लागला. काठीशिवाय मशेरीच्या दुकानापर्यंत जायला लागला. त्या खुळ्या अंदाजांनी जे केलं ते औषधानं केलं नव्हतं, हे मी मान्य करतो. मान्य करतानाही राग येतो.

या श्रावणात कंपनीचा माणूस आला. रोहन नाव, बोलायला गोड, वाक्यागणिक 'सर'. नाखव्याचा सिनेमा ठरला होता. त्याला होडी बघायची होती म्हणून मी त्याला पांडूच्या घरी नेलं. पावसाळ्यामुळे होडी झावळ्यांनी शाकारून अंगणाच्या कडेला ठेवलेली. वहिनींनी चहा ठेवला. पांडू आत होता. कंपनीचा माणूस येतोय हे कळल्यावर त्यानं सकाळीच दाढी करून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

"सर, ही कथा नाखव्याच्या तरुणपणीची आहे," रोहन म्हणाला. "तो पंचवीस वर्षांचा. मोठा स्टार घेतोय, बॉडी वगैरे एकदम जबरदस्त. समुद्र आम्ही स्टुडिओत टाकीमध्ये करू. फक्त ही होडी हवी. आणि तो डबा असेल तर तोही."

"आणि म्हातारा नाखवा? तो जिवंत आहे म्हणून तर एवढी बोंब चालली आहे."

"तो शेवटी दिसेल ना, दोन मिनिटं. पाठमोरा. ते कॉम्प्युटरवर होतं, सर. चार सिनेमांतली पाठ आहे आमच्याकडे. चालणं, वल्हवणं, सगळं आहे."

"ती पाठ कुणाची आहे, माहीत आहे का?"

त्यानं खरोखर विचार केला. "स्टंटवाल्यांपैकी कुणी असेल."

माझं डोकं फिरलं. सात वर्षं लाटा खाल्लेल्या माणसाच्या ओटीवर बसून, त्याच्याच घरचा चहा पीत हा असं बोलला. मी उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यात हेही बोललो, "कसला डबा आणि कसलं बीज! तो चुकून राहिला होता! वहिनींनी रीत म्हणून ठेवला, मी जाळ्याखाली लपवला आणि वाऱ्यानं जाळं उलटलं. तुमच्या त्या दिग्दर्शकाला दीड वर्ष दिसलासुद्धा नव्हता. नाखवा मेला तो मेला. पुढे काही नव्हतं, कुणाच्या डोक्यातही नव्हतं!"

रोहन घाबरला नाही. डोळे मोठे करून म्हणाला, "सर, ही गोष्ट फार भारी आहे. प्रसिद्धीला वापरू का?"

मी त्याला काय उत्तर दिलं ते छापता येणार नाही. पण तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. पांडू चौकटीला धरून उभा होता. इस्त्रीचा सदरा घातलेला, उजव्या हातात वल्हं. दाखवायला येत होता बिचारा, हात किती चालतो ते. त्यानं रोहनकडे पाहिलंच नाही.

"मंग नाखवा खराच मेला क, सुभास?"

वहिनींनी त्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं आणि त्याला आत नेलं. बाहेर येऊन रोहनला एवढंच म्हणाल्या, "होरी न्हाय मिलनार. जा." तो म्हणाला, हरकत नाही, आम्ही अशीच एक बनवून घेऊ. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचा राग झाला ना भावजी शांत? आता तुमीबी जा."

सिनेमावाल्यांवरचा राग मी कुठेही बोलून दाखवीन. त्या वाक्याचा राग मला करता येत नाही. ज्याला जपायचं म्हणून वर्षभर गप्प बसलो, त्याच्या दारात माझं तोंड सुटलं. मला माझा संताप प्यारा झाला, बाकी काही नाही.

पांडू पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजला. नारळी पौर्णिमेला शेजाऱ्यांनी होडी पाण्यात घातली, तो बाहेर आला नाही. डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचा. चहा पुन्हा वहिनी पाजायला लागल्या. मी रोज जायचो, ओटीवर बसायचो, कुणी मला ये म्हणत नव्हतं की जा म्हणत नव्हतं. गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरळ आत गेलो आणि त्याच्या खाटेपाशी बसलो.

"पांडू," मी म्हणालो, "कंपनीचा फोन आला होता. तो कॉम्प्युटर काही जमेना त्यांना. पाठ खोटी दिसते म्हणाले. तुलाच बोलावतायत."

भिंतीकडूनच आवाज आला, "कंच्या म्हयन्यान?"

"दिवाळीनंतर."

चुलीपाशी वहिनी होत्या. मला वाटलं, आता झाडू घेऊन येतील. त्या तिथूनच म्हणाल्या, "दिवालीनंतर म्हंजे थंडी असल पान्यान. सदऱ्याखाली काय तरी गरम लागंल."

त्याला माझं खरं वाटलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो कुशीवर वळला आणि त्यानं वल्हं मागितलं.

पांडूला वाचता येत नाही, त्या घरात अंक जात नाही, म्हणून हे लिहायचं धाडस केलं. तुमच्यापैकी कुणी या किनाऱ्याला आलंच, तर डब्याचं काय ते मला विचारा, त्याच्या दारात जाऊ नका. आज तो पंचवीस वेळा वल्हं ओढतो, मी मोजतो. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळी लागलेली असेल, आणि मला दुसरा महिना शोधावा लागेल.